मॉडेल बोटीचा शाफ्ट कोरडा कसा ठेवायचा

ट्रॉलरचं मॉडेल करायला घेतलं की आपण नाळेचा (बोटीच्या पुढच्या टोकाचा) उठाव, केबिनचा रंग आणि बाजूला लिहायचं देवीचं नाव यातच रमतो. पंखा आणि तो फिरवणारा शाफ्ट शेवटच्या दोन दिवसांत, घाईघाईने बसतात, आणि पाणी आत येतं ते नेमकं तिथून. बोट दहा मिनिटं झकास फिरते. मग मागून जरा बसल्यासारखी वाटते, वळताना जड होते, आणि झाकण उघडावं तर मोटर पाण्यात.

खालची मापं साधारण ७५ सेंमी लांबीच्या, ५४० आकाराच्या मोटरच्या आणि ४ मिमी शाफ्टच्या बोटीसाठी आहेत. तुमची बोट लहान-मोठी असेल तर आकडे बदलतील, पण कामाचा क्रम तोच राहील. माझ्या मते अर्धी लढाई या क्रमातच आहे: आधी नळीची उंची, मग शाफ्टची सरळ रेषा, मग ग्रीस आणि सगळ्यात शेवटी ओ-रिंग (रबरी कडी). बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात. ओ-रिंग शोधत चार दुकानं पालथी घालतात आणि वाकड्या शाफ्टवर ती चढवतात.

पाणी शिरतं कसं

शाफ्ट ज्या पितळी नळीतून बाहेर जातो ती स्टर्न ट्यूब. तिच्या दोन्ही टोकांना बुश असतात आणि शाफ्ट त्या बुशांवर फिरतो. मधल्या भागात तो नळीला कुठेही टेकत नाही. शाफ्ट फिरायचा तर बुशात फट हवीच. ४ मिमीच्या शाफ्टला ४.१ मिमीचा बुश असेल तर चहूबाजूंनी ०.०५ मिमी फट उरते, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या निम्मी.

पंखा पाण्याखाली ५ सेंमी असेल तर तिथे पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला फक्त ५ ग्रॅम असतो. नळी ग्रीसने नीट भरलेली असली तर एवढा दाब अगदी किरकोळ. म्हणून उभी असलेली बोट सहसा भरत नाही, चालणारी भरते. पुढे जाताना पंख्याच्या पुढच्या अंगाला, म्हणजे बरोबर नळीच्या तोंडाशी, ओढ तयार होते आणि ग्रीस कणाकणाने बाहेर खेचलं जातं. बोट थांबली की त्या रिकाम्या जागेत पाणी शिरतं. रिव्हर्स मारला की पंख्याचा झोत थेट नळीच्या तोंडावर येतो. पण यापेक्षा वाईट म्हणजे हेलकावत फिरणारा शाफ्ट. तो बुशाचं भोक हळूहळू लंबगोल करतो. बुशातून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट होते, आणि तीच गळती बुशाची लांबी दुप्पट केली तर निम्मी होते. हे गणित लक्षात असलं की कुठे जीव ओतायचा आणि कुठे नाही ते आपोआप समजतं.

१ जूनपासून मासेमारी बंद झाली की ट्रॉलर किनाऱ्यावर ओढलेले असतात. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला किंवा मालवणजवळच्या सर्जेकोटला तेव्हा खरे शाफ्ट, पंखे आणि ग्लँड (शाफ्टभोवती पाणी अडवणारी, पॅकिंग भरलेली जोडणी) हात लावून बघता येतात. सर्जेकोटला ग्लँडचं पॅकिंग बदलणाऱ्या एका मिस्त्रीला मी विचारलं, "काका, हा एकदम घट्ट आवळला तर गळायचंच बंद होईल ना?" मान वर न करताच तो म्हणाला, "थेंब थेंब गळाकच होयो रे. एकदम सुको केलंस तर शाफ्ट तापतलो." मोठ्या बोटीत तो थेंब शाफ्टला थंड ठेवतो. मॉडेलच्या शाफ्टला थंडाव्याची गरज नसते, तरी आवळण्याबद्दलचं त्याचं म्हणणं इथेही तितकंच खरं. घट्ट बुश आणि दाबून बसवलेली रबरं मोटरला जास्त अँपिअर खायला लावतात, आणि झिजली की आधीपेक्षा जास्त गळतात.

आधी बघा, गळतंय कुठून

झाकण उघडल्यावर पाणी तळाशी साचलेलं दिसतं, ते कुठून आलं ते दिसत नाही. शाफ्टवर आळ येतो आणि खरा चोर निघतो सुकाणूची नळी. कधी नळी हलला, म्हणजे बोटीच्या अंगाला, जिथे चिकटवली आहे तो एपॉक्सीचा जोड, कधी डेकवरून उडालेलं पाणी.

विहिरीजवळची दगडी डोण किंवा मोठा टब भरा. बॅटरी, रिसीव्हर आणि इएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) काढून घ्या आणि त्यांच्या वजनाइतकी वाळूची पिशवी बोटीत ठेवा, म्हणजे बोट नेहमीच्याच रेघेपर्यंत बुडेल. शाफ्टच्या आतल्या टोकाला, सुकाणूच्या नळीला आणि एपॉक्सीच्या जोडाला टिश्यू पेपरचे वेगवेगळे तुकडे गुंडाळा. बोट अर्धा तास नुसती तरंगू द्या आणि बघा, कुठला तुकडा आधी ओला होतो. सगळे कोरडे राहिले तर बोट उभ्याने गळत नाही. मग बॅटरी, रिसीव्हर आणि इएससी परत लावून ती हाताने धरून पाच मिनिटं पुढे, दोन मिनिटं रिव्हर्स चालवा.

किती गळतंय हे कळण्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आधी वजन करा. नंतर बोट बाहेरून नीट पुसून पुन्हा करा. दहा मिनिटांत एक-दोन ग्रॅम वाढले तर मी त्याकडे दुर्लक्ष करतो. दहा ग्रॅम वाढले तर शाफ्ट बाहेर काढायचा.

उंची: फुकट मिळणारं सील

नळीचं आतलं टोक पाण्याच्या रेघेच्या वर असेल तर उभ्या बोटीत पाणी त्यातून वाहून येऊच शकत नाही. पाणी नळीत बाहेरच्या पातळीपर्यंत चढतं आणि थांबतं. यासारखं सील बाजारात मिळत नाही.

अडचण अशी की हे दरवेळी जमत नाही. समजा पंख्याचा मध्य रेघेच्या ५ सेंमी खाली आहे आणि आतलं टोक रेघेच्या १ सेंमी वर हवं आहे. म्हणजे नळीला ६ सेंमी चढ हवा. १० अंशाच्या कोनात त्यासाठी जवळपास ३५ सेंमी लांब नळी लागते. ७५ सेंमीच्या बोटीत निम्मी जागा नळीलाच द्यावी लागेल. कोन वाढवला तर पंखा बोटीचं बूड उचलतो आणि नाळ दाबतो. त्यामुळे ट्रॉलरसारख्या खोल बुडणाऱ्या बोटीत आतलं टोक बहुधा रेघेखालीच राहतं, आणि मग ग्रीसची उभी नळी लागते. उथळ, वेगवान बोटीत मात्र आधी कागदावर हे गणित मांडून बघा. तिथे ते बऱ्याचदा जमून जातं.

पाण्याची रेघ गोड्या पाण्यात मापा. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं, त्यामुळे तीच बोट खाडीत किंचित वर तरंगते. विहिरीच्या पाण्यावर आखलेली रेघ खाडीत तुमच्याच बाजूची असते, उलटं केलं तर फसवते.

नळी, शाफ्ट, बुश

नळी पितळी, बाहेरून ८ मिमी, आतून ७. शाफ्ट स्टेनलेसचा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा गज बहुतेक ३०४ प्रतीचा असतो. तळ्यात चालवायला तो ठीक. खाडीत किंवा समुद्रात चालवणार असाल तर ३१६ मागा. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाच्या पाण्यात तो जास्त टिकतो. गज विकत घेण्याआधी दुकानातल्या काचेच्या काउंटरवर गडगडवून बघा. खाली उजेडाची फट उघडझाप करत असेल तर तो परत द्या. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी चालेल, शाफ्ट वाकडा नको.

बुश लेथवाल्याकडून करून घ्या आणि जाताना शाफ्टचा तुकडा बरोबर न्या. "४ मिमीचं भोक कर" असं सांगितलं तर तो ४ चं ड्रिल मारेल, आणि ड्रिलचं भोक नेहमी थोडं मोठंच पडतं. "हा गज हाताने अलगद फिरला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये" असं सांगा. रिमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) असेल तर तो मारायला लावा. बुशाची लांबी १५ मिमी तरी ठेवा. धातू ब्राँझ असेल तर उत्तम. प्लास्टिकचा करायचा झाला तर नायलॉन टाळा, कारण नायलॉन पाणी पितो, फुगतो आणि काही दिवसांनी शाफ्टला आवळतो. डेल्रिन नावाने मिळणारं प्लास्टिक पाण्यात फारसं फुगत नाही.

पंख्यासाठी शाफ्टला आटे पाडताना ते बुशाच्या आत जाणार नाहीत एवढे आखूड ठेवा. बुशात शिरलेले आटे कानशीचं काम करतात, वर पाण्याला आत यायला नागमोडी वाटही करून देतात. गळक्या शाफ्टांमध्ये ही चूक मला सगळ्यात जास्त सापडते, आणि बाहेरून ती दिसत नाही.

नळी लांब असेल तर मध्ये तिसरा बुश लागतो. दोन टोकांच्या बुशांमध्ये २० सेंमी अंतर असेल तर ४ मिमीचा स्टील शाफ्ट मिनिटाला साधारण १२,००० फेऱ्यांच्या आसपास थरथरायला लागतो. तेच अंतर ३० सेंमी झालं तर ५,३०० फेऱ्यांनाच. अंतर दीडपट केलं की ही मर्यादा निम्म्याहूनही खाली येते. मधल्या बुशाच्या अंगावर कानशीने एक सपाट पट्टी काढा, म्हणजे ग्रीस त्याच्या पलीकडे जाऊ शकेल.

ग्रीसची उभी नळी

स्टर्न ट्यूबवर एक बारीक नळी उभी जोडायची, तिचं वरचं तोंड पाण्याच्या रेघेच्या किमान २ सेंमी वर ठेवायचं आणि त्यातून ग्रीस भरायचं. ही जोडणी बुश बसवण्याआधी आणि नळी बोटीत चिकटवण्याआधीच उरकायची. तापलेल्या नळीत प्लास्टिकचा बुश वितळतो, आणि बोटीत बसलेल्या नळीला डाग (सोल्डर) द्यायला गेलात तर आसपासचं एपॉक्सी सुटतं.

जागा आतल्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर निवडा. म्हणजे भरलेलं ग्रीस नळीच्या बहुतेक लांबीतून पुढे सरकतं आणि जाताना आतलं पाणी बाहेर ढकलतं. नळी बोटीत ज्या कोनात बसणार आहे त्याच कोनात ती शिकंज्यात धरा, वरच्या अंगाला ३ मिमीचं भोक पाडा. ४ मिमीच्या बारीक पितळी नळीचं खालचं टोक गोल कानशीने असं खोलगट करा की ते मोठ्या नळीवर चपखल बसेल. नळी ओळंब्यात उभी आहे ना ते बघा आणि मग डाग द्या. घरच्या सोल्डरिंग आयर्नला एवढं पितळ तापवणं जड जातं. गावातला सोनार किंवा फ्रिज-एसी दुरुस्त करणारा छोट्या टॉर्चने हे काम दोन मिनिटांत करून देतो. भोकातून आत घुसलेलं सोल्डर दिसलं तर ते गोल कानशीने काढा. फ्लक्स खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाका. राहिलेला फ्लक्स पावसाळ्यात पितळ हिरवं करतो.

कुणी ग्रीसऐवजी पातळ तेल वापरतात. तेव्हा ध्यानात ठेवा की तेल पाण्यापेक्षा हलकं. ५ सेंमी खोलीवरच्या पाण्याला तोलून धरायला सुमारे साडेपाच सेंमी उंचीचा तेलाचा स्तंभ लागतो, म्हणजे नळीतलं तेल रेघेच्या जरा वर राहायला हवं. शिवाय तेल पंख्याच्या तोंडातून सुटत राहतं आणि तळ्यावर त्याचा तवंग पसरतो. माशांच्या पाण्यात तो कशाला.

नळी बसवणं आणि एक रेघ साधणं

मागच्या बाजूला, पठाणाच्या (बोटीच्या तळाच्या कण्याच्या) टोकाशी भोक पाडा. तिरक्या नळीचं भोक लंबगोल होतं, त्यामुळे लहान ड्रिलने सुरुवात करून गोल कानशीने वाढवा. नळीचा चिकटणारा भाग पॉलिश पेपरने खरखरीत करा, थिनरने पुसा आणि मग त्याला हात लावू नका. आत भुसा घालून दाट केलेलं एपॉक्सी लावा आणि कोपऱ्यात त्याची गोलाई द्या. पावसाळ्यात दमट हवेमुळे एपॉक्सीवर मेणचट थर चढतो. तो ओल्या फडक्याने पुसून, घासूनच वर दुसरा हात द्या, नाही तर तो थर सोलून निघतो.

एपॉक्सी कडक होईपर्यंत शाफ्ट, नळी आणि मोटर एका रेषेत राहिलेच पाहिजेत. लवचीक कपलिंग लावून हे जमत नाही, कारण ते चूक पोटात घालतं. लेथवाल्याकडून एक तात्पुरता पितळी जोड करून घ्या, एका बाजूला ३.१७ मिमीचं भोक, म्हणजे ५४० मोटरच्या शाफ्टचं माप, आणि दुसऱ्या बाजूला ४ मिमीचं. या ताठ जोडाने मोटर आणि शाफ्ट एक करा. हाताने फिरवून बघा. कुठे अडलं तर मोटरच्या पायाखाली कागदाच्या पट्ट्या सरकवत राहा. एकदा सैल, सारखं फिरू लागलं की मोटरचा पाया तिथेच चिकटवा. सगळं सुकल्यावर ताठ जोड काढून त्या जागी नेहमीचं कपलिंग लावा. कपलिंगची लवचिकता ही जोडणीतली चूक झाकायला नसते, धक्के सोसायला असते.

पुढे जाताना पंखा शाफ्टला बोटीत ढकलतो. तो जोर मोटरवर जाऊ देऊ नका. बाहेरच्या बुशासमोर टेफ्लॉनचा किंवा पितळी वॉशर, मग लॉकनट, मग पंखा, असा क्रम ठेवा. शाफ्टला मागे-पुढे ०.३ मिमीच्या आसपास खेळ सोडा. ग्रीस लावलेला वॉशर बुशाच्या तोंडावर टेकून फिरतो आणि स्वतःच एक बऱ्यापैकी सील होतो. बुशाचं तोंड सपाट नसेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून घ्या.

ओ-रिंग लावायची तर

आतलं टोक रेघेखाली असेल तरच मी ती लावतो, आणि तीही आतल्या टोकाला. बुश नळीत दीड मिमी आत सरकवून बसवा. त्या खोबणीत ४ मिमी आतल्या व्यासाची, १.५ मिमी जाड ओ-रिंग बसते. तिचा बाहेरचा व्यास ७ मिमी, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचाच. वर पातळ वॉशर ठेवून कपलिंग हलकं टेकवा. ओ-रिंग चिरडायची नाही, ती ग्रीसला मागून टेकू देते एवढंच.

दुकानात नायट्राइलचीच मागा. पाण्याच्या फिटिंगमध्ये वापरली जाणारी ईपीडीएम रबराची रिंगही काळीच असते, पण पेट्रोलियम ग्रीसमध्ये ती फुगते आणि शाफ्ट धरून ठेवते.

कुठलं ग्रीस

गॅरेजमध्ये मिळणारं लिथियम एमपी ग्रीस तळ्यात चालून जातं. पाणी मिसळलं की ते दुधाळ होतं, आणि हीच त्याची सोय आहे. शाफ्ट काढल्यावर ग्रीस कुठपर्यंत पांढरं झालंय ते बघितलं की पाणी कुठपर्यंत पोचलं ते कळतं. फक्त बाहेरचा बुश पांढरा असेल तर सगळं ठीक आहे. निम्म्या नळीपर्यंत पांढरेपणा आला असेल तर बुश झिजलाय किंवा भरायचं अंतर वाढलंय.

खाऱ्या पाण्यासाठी बंदराजवळच्या इंजिनच्या दुकानातून मरीन ग्रीस घ्या. कॅल्शियमवर आधारित ग्रीस पाण्याला जास्त दाद देत नाही. ग्रॅफाइटचं काळं ग्रीस मात्र खाऱ्या पाण्यात नको. ग्रॅफाइट आणि स्टेनलेस मिठाच्या पाण्यात एकत्र आले की गंज स्टेनलेसलाच लागतो.

घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल तेल घालणारेही भेटतात. ते २४ अंशांच्या खाली थिजतं. आपल्याकडच्या उकाड्यात वर्षातला बहुतेक काळ ते पातळच राहतं, म्हणजे पहिल्या फेरीतच धुऊन जातं. आणि डिसेंबरच्या पहाटे थिजलं तर शाफ्ट अडतो.

जाडीचा प्रश्न मोटरनुसार सुटतो. ५४० ला एनएलजीआय २ क्रमांकाचं ग्रीस चालतं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा). ३८५ किंवा त्याहून लहान मोटरला ३ क्रमांकाचं देऊ नका. ग्रीस भरण्याआधी मोटर शाफ्टसकट चालवून मल्टिमीटरवर करंट बघा, भरल्यावर पुन्हा बघा. थोडा वाढणारच. पहिल्या मिनिटानंतर ग्रीस मऊ पडलं तरीही तो दुप्पट दिसत असेल तर ग्रीस जाड आहे, किंवा बुश घट्ट आहे.

भरायचं कसं

१७ सेंमी लांबीच्या मोकळ्या नळीत, शाफ्टची जागा सोडून, साधारण साडेचार मिली ग्रीस मावतं. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज घ्या, सुई फेकून द्या. मागचा दट्ट्या काढून ग्रीस सुरीने दाबून भरा आणि हवा अडकू देऊ नका. सिरिंजचं तोंड सिलिकॉन नळीच्या तुकड्याने उभ्या नळीला जोडा. बोटीची नाळ उंच आणि पंखा खाली अशी बोट धरा आणि एका हाताने शाफ्ट सावकाश फिरवत दुसऱ्या हाताने दाबत राहा. बाहेरच्या बुशातून आधी हवेचे बुडबुडे निघतील, मग ग्रीसची बारीक कडी उमलेल. शाफ्टभोवती ती सगळीकडे सारखी आली की थांबा. एकाच बाजूने आली तर शाफ्ट बुशात एका अंगाला टेकतोय, म्हणजे रेष चुकली आहे.

उभ्या नळीचं तोंड बंद करायला सिलिकॉन नळीच्या तुकड्यात स्क्रू अडकवला की झालं. उघडं ठेवू नका, धूळ आणि वाळू ग्रीसमध्ये गेली की बुश संपला.

खाडीत चालवताना

स्टेनलेस गंजत नाही हा समज खाडीत उतरतो. त्याच्यावरचा संरक्षक थर टिकायला ऑक्सिजन लागतो. नळीत साचून राहिलेल्या मिठाच्या पाण्यात तो संपतो, आणि शाफ्टला बारीक खड्डे पडतात ते नेमके बुशाच्या आत. असा खड्डा पडलेला शाफ्ट नवा बुशही खातो. पितळाचंही तसंच. त्यातलं जस्त निघून जातं, नळी तांबूस दिसू लागते आणि दाबली की ठिसूळ लागते. म्हणून खाडीतून आल्यावर त्याच संध्याकाळी बोट गोड्या पाण्यात दोन मिनिटं चालवा आणि सिरिंजने ताजं ग्रीस ढकलून जुनं बाहेर काढा. महिन्यातून एकदा शाफ्ट पूर्ण ओढून पुसा.

कोकणातल्या खाड्यांमध्ये शाफ्टचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तंगूस. तुटलेल्या गळाची नायलॉनची दोरी पंख्यापुढे शाफ्टभोवती गुंडाळते, घर्षणाने तापते आणि वॉशरच्या खाली घुसून बुशाचं तोंड कापते. वरून काही दिसत नाही. प्रत्येक फेरीनंतर पंखा आणि बुश यांच्यामध्ये नख फिरवून बघा. नखाला दोरा लागला तर पंखा काढल्याशिवाय ओढू नका, तो आणखी आत जातो.

पावसाळ्यात खाडी गढूळ असते आणि त्या गाळातले कण ग्रीसला चिकटले की पॉलिश पेस्टसारखे बुश घासतात. तेव्हा बोट घरातच बरी. आणि भरतीचं वेळापत्रक बघून निघा. मोटर पाण्यात बंद पडलेली बोट सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, ओढीला लागली की थेट समुद्राची वाट धरते. भरती चढत असताना चालवली तर ती निदान किनाऱ्याकडे तरी येते.

पाणी आलंच तरी नुकसान कमी व्हावं म्हणून रिसीव्हर आणि इएससी तळावर न ठेवता हलच्या बाजूला उंचावर चिकटवा आणि शाफ्टच्या आतल्या टोकाखाली स्पंजचा तुकडा ठेवा. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, तळ्यात वाचलेली इएससी खाडीत वाचत नाही.

दोन पंख्यांची बोट

गस्ती नौकेचं किंवा फेरीबोटीचं मॉडेल असेल तर दोन शाफ्ट येतात आणि काम दुप्पट होतं. प्रत्येक शाफ्टला वेगळी ग्रीसची नळी द्या. दोन्हींना एकच जोडलीत तर ग्रीस नेहमी सैल बुशाकडे जातं आणि दुसरा कोरडा राहतो. गळती कुठल्या बाजूची आहे ते साचलेल्या पाण्यावरून कळत नाही, दोन्ही टोकांना टिश्यू गुंडाळूनच बघा. पंखे एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे असतील तर एका बाजूच्या शाफ्टला डावे आटे लागतात. साध्या आट्यांवर लॉकनट नीट आवळला नसेल तर तो पंखा फिरताना सुटतो आणि वॉशरचं सील जातं.

मुलांच्या छोट्या बोटीसाठी

थर्माकोल किंवा फळीची, खेळण्यातल्या मोटरची बोट असेल तर यातलं फारसं काही करायची गरज नाही. सायकलचा २ मिमीचा आरा शाफ्ट म्हणून घ्या आणि तो ज्यात सैल फिरेल अशी संपलेल्या पेनाची जाड रिफिल घ्या, शाई आधी थिनरने धुऊन. अशी बोट जेमतेम दीड सेंमी बुडते. १० सेंमीची रिफिल १५ अंशांत तिरकी बसवली की आतलं टोक अडीच सेंमी वर येतं, म्हणजे रेघेच्या वर. दोन्ही टोकांतून व्हॅसलिन भरा आणि चालू द्या. आरा गंजतो, तो दर पावसाळ्यात बदला. सायकलवाला जुने आरे फुकटही देतो.